ना. घं.ची गाणी: 'शीळ'च्या पलीकडे

कवी ना. घ. देशपांडे म्हणजे एकच गाणं, 'रानारानात गेली बाई शीळ', असं कुणी म्हटलं की मला थोडी भर घालावीशी वाटते. 'शीळ' गाणारे गायक जी. एन. जोशी, त्यांच्याच आवाजातलं 'नदीकिनारी' जरूर ऐका. तेही ना. घं.चंच.

पण 'शीळ'चं महत्त्व मला वेगळ्याच कारणासाठी वाटतं. ना नाटक, ना चित्रपट; मेहकरच्या एका तरुणाची कविता 1930च्या दशकात थेट ध्वनिमुद्रिकेवर आली आणि घराघरात गेली. भावगीताची वाट तिथून रुळली. आजोबांच्या 78 आरपीएमच्या तबकडीवर सुई टेकली की आधी खरखर, मग जोशींचा तो मोकळा आवाज. 'काळयेळ' हा शब्द नीट ऐका. 'काळवेळ' नाही, 'काळयेळ'! त्या एका 'ये'मुळे रानातली पोर समोर उभी राहते. जोशींनी तो गाताना शहरी केला नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

आणि गंमत बघा, 'शीळ' हा संग्रह आला थेट 1954 साली. म्हणजे जवळपास दोन दशकं ही कविता लोकांकडे होती ती मुख्यतः कानांवाटे. पुढे ना. घं.च्या 'खूणगाठी' या कवितासंग्रहाला 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.