पोलीस शाळेत आले तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

परवा लेकीच्या शाळेत (आठवी, सिंहगड रोड) एक महिला पीएसआय आणि दोन हवालदार येऊन तासभर बोलून गेले. रात्री जेवताना लेक म्हणाली, आई, माझा फोटो कुणी मला न विचारता काहीतरी घाणेरडं करून टाकला तर मी एकटी जाऊन तक्रार देऊ शकते का, की तू बरोबर लागतेसच? मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं नोकरी करतेय, घराचे कागद, कर्जाचे कागद सगळं बघते, आणि हे माहीत नव्हतं. आपल्याला लहानपणी पोलीस कळला तो 'जेव, नाहीतर पोलिसाला बोलावते' एवढाच.

पुण्यात पोलीस काका, पोलीस दीदी, दामिनी पथक असं शाळांसाठी पोलिसांचं बरंच चालू असतं, जानेवारीत २ ते ८ रेझिंग डेच्या (पोलीस दलाच्या स्थापना दिनाच्या) आठवड्यात पोरांना पोलीस ठाणं दाखवायला नेतात. खरंच उपयोग कुठे झाला, नुसतेच फोटो कुठे निघाले, आणि मुख्य म्हणजे मुलांनी काय विचारलं, ते लिहा. मुलांची, शाळांची नावं नकोत प्लीज.

शिक्षिका, हडपसर

सातवीला शिकवते. आमच्याकडे आलेले पोलीस काका फळ्याकडे वळलेच नाहीत, म्हणाले चला बाहेर. २००३ च्या कोटपा कायद्यात शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, तर मोजूया. पीटीच्या सरांचा ३० मीटरचा टेप काढला आणि पोरं गेटपासून खडूच्या खुणा करत निघाली, रिक्षावाले थांबून बघत होते. तिसरी खूण करायच्या आतच टपरी आली, वर पुड्यांच्या माळा लटकलेल्या. ती टपरी आमच्याच वर्गातल्या एकाच्या काकाची. तो पोरगा टेपचं पुढचं टोक धरून उभा होता, मान खाली, पण टोक सोडलं नाही त्याने. मला अजून तो तसाच डोळ्यासमोर दिसतो.

काकांनी पोरांदेखत काही केलं नाही, टपरीवाल्याला बाजूला घेऊन बोलले. मग वर्गात एकीने विचारलं दंड किती, तर दोनशे रुपयांपर्यंत. पोरं एकदम 'फक्त दोनशे?' म्हणाली. तेव्हा त्यांनी सांगितलं की तेवढ्यावर भागत नाही, अठराच्या आतल्या मुलाच्या हातात दारू किंवा तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याचं ७७ कलम लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वर्ग गार. माझ्यासाठीही हे नवीन होतं. टपरीवर आता बिस्किटं, पेन असतात, मधूनच पुड्या परत दिसायला लागतात, मग पोरंच जाऊन सांगतात.

पालक, कोथरूड

मुलगा तेव्हा सोळाचा, क्लासला जायला मीच ॲक्टिव्हाची चावी देत होतो, सगळेच देतात म्हणून. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला तो अपघात झाला, दोन तरुण जीव गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्यानंतर शाळेत ट्रॅफिकवाले आले होते. मुलगा घरी आला आणि चावी टेबलावर ठेवून म्हणाला, बाबा, माझ्याकडून काही झालं तर तुम्ही आत जाल. मग मी वाचलं, मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ, पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मी इतके दिवस त्याच्या हातात काय देत होतो ते त्या दिवशी कळलं. आता तो पीएमटीने जातो, उशीर होतो, होऊ दे.

आजी, पर्वती

नातू दुसरीत आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२, दोन्ही नंबर पाठ, मलाही पाठ करून घेतले.

पोलीस दलातली, नाव नको

चार वर्षं शाळा-कॉलेजांत जात होते. मला जे कळलं ते सांगते. स्टेजवर माईक घेऊन बोललं की मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. मी बाकावर त्यांच्यात बसायचे, शिक्षकांना हात जोडून अर्धा तास बाहेर जायला सांगायचे आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटायचे, नाव लिहायचं नाही. नववी-दहावीच्या गठ्ठ्यात एक प्रश्न दर वेळी निघणारच, 'मुलगी स्वतः हो म्हणाली तर गुन्हा नाही ना?' आहे. अठराच्या आत तिच्या 'हो' ला कायद्यात अर्थच नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, २०१२ चा आहे आणि त्यात हे स्पष्ट आहे. सतराची ती, एकोणीसचा तो, दोघं पळून गेलेले, तिच्या घरच्यांनी तक्रार दिली आणि तो आत, त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून 'त्याला कुणी सांगितलंच नाही हो' म्हणत होती. म्हणून मी सांगत राहिले, शाळेला आवडो न आवडो. एका शाळेने तर असले विषय नकोत म्हणून मला परत पाठवलं होतं.

आणि नुसती भीती घालून उपयोग नाही, पुढचंही सांगावं लागतं. पोक्सोमध्ये मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, अंगावर वर्दी नसते, रात्री मुलाला ठाण्यात ठेवत नाहीत. एवढं सांगितलं की एखादी मुलगी वर बघते. तास संपल्यावर मागे रेंगाळते ती तीच असते. शिक्षकांनो, तुम्हालाही सांगते, कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे.

समुपदेशक, धनकवडी

माझा अनुभव चांगला नाही आणि तो लिहायलाच हवा. आमच्याकडे आलेले साहेब कोयत्याच्या रील्सवर बोलत होते, विषय योग्यच, आमच्या भागातली पोरं खरंच कोयता हातात घेऊन व्हिडिओ टाकतात. पण शेवटी म्हणाले, एकदा गुन्हा दाखल झाला की पासपोर्ट नाही, नोकरी नाही, आयुष्य संपलं. मागच्या बाकावर दहावीतला एक मुलगा बसला होता, त्याच्यावर मारामारीची केस होती, वर्गात सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी घरी तीनदा गेले, तो म्हणाला मॅडम आता शिकून काय करू.

वकील, येरवड्याच्या बाल न्याय मंडळात कामं करते

धनकवडीच्या ताई, त्या मुलाला माझ्यातर्फे सांगा की ते वाक्य चूक आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४, मुलाने केलेल्या गुन्ह्यामुळे त्याला पुढे अपात्र ठरवता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद आहे, सोळा पूर्ण झालेल्याला अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी धरलं तर. त्याच्या केसमध्ये तसं वाटत नाही, पण कागद बघू दे. तुम्हीच त्याला घेऊन मला भेटायला या, पैशाचं काही नाही.

मंडळात येणारी बरीच पोरं विचारतात, मॅडम मला लॉकअपमध्ये टाकणार का. मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं, प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. हे त्यांना पकडल्यानंतर कळतं, सातवीत कळायला हवं होतं. आणि धागाकर्त्या ताई, लेकीला सांगा, हो, एकटी जाऊन देऊ शकते. तिने सांगितलंय तसल्या फोटोसाठी पोक्सो लागतो आणि त्याच्या १९ व्या कलमात तक्रार देणाऱ्यांमध्ये मूलही आहे.

विद्यार्थी, एसवाय, शिवाजीनगर

आमच्या कॉलेजात सायबरवाले येऊन गेले. मित्राला एकाने सांगितलं होतं की बँक अकाउंट आणि एटीएम कार्ड फक्त वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील, तो देणार होता, फी बाकी होती त्याची. लेक्चरमध्ये कळलं की फसवणुकीचे पैसे असेच फिरवतात आणि पोलीस आधी खातेदाराच्याच दारात येतात. त्याने नाही दिलं. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० नंबर तिथेच सेव्ह केला सगळ्यांनी.

धागाकर्ती

वकील ताई, लेकीला वाचून दाखवलं, तिने कलमाचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. धनकवडीच्या ताईंनी त्या मुलाचं पुढे काय झालं ते जमेल तेव्हा नक्की लिहा, मी वाट बघतेय.

शुक्रवारी शाळेत पालकसभा आहे. मी मागणार आहे की पुढच्या वेळी चिठ्ठ्या ठेवा आणि अर्धा तास शिक्षकांनी बाहेर थांबायचं. मुख्याध्यापक विचारतील की चिठ्ठ्या कोण उघडणार आणि त्यात काही गंभीर निघालं तर त्याच दिवशी कोण काय करणार. ज्यांच्या शाळेत हे नीट चालतं त्यांनी शुक्रवारच्या आत सांगा.