लहान संगणक स्वस्त पडतो, पण उघडायचा कसा?

मूळ लेख (विश्रामबाग, सांगली)

मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीचे संगणक मी सांभाळतो. गेल्या वर्षी तिथे टॉवरच्या, म्हणजे उभ्या मोठ्या संगणकांच्या, जागी तळहाताएवढे दोन डबे, म्हणजे लहान संगणक, बसवले. एप्रिलच्या दुपारी ते रेंगाळू लागले म्हणून एक उघडला, तर पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटी लिंपल्यासारख्या बुजलेल्या. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे यंत्र बंद पडत नाही, नुसते कुथत राहते आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. टॉवरमधला असाच थर ब्लोअरने पाच मिनिटांत उडतो, इथे मात्र पंख्यापर्यंत पोचायला मदरबोर्डच (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) बाहेर काढावा लागला. ॲपलच्या २००५ मधील पहिल्या मॅक मिनी या लहान संगणकाचे झाकण लोक पुट्टीच्या पात्याने उचकटत असत, आणि ती खोड स्वस्त डब्यांनीही उचलली, हे माझ्या मते रचनेचे अपयश आहे.

प्रतिसाद (गावभाग, सांगली)

दोष लहान आकाराचा नाही, पंख्याचा आहे. २०२० च्या रास्पबेरी पाय ४०० मध्ये अख्खा संगणक कीबोर्डात बसवला असून उष्णता धातूच्या रुंद पत्र्यावर पसरते. पंखाच नाही, तर हळद ओढणार कोण? शिवाय लहान यंत्राला वीज कमी लागते, त्यामुळे दिवे गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या दुकानातील लहान डबा पिशवीत घालून मी माडीवर नेला, आणि टॉवर तेवढा खाली राहिला. पुढे त्याचे काय झाले, हे सांगलीकरांना सांगायला नको.

प्रतिसाद (सातारा)

२०१२ साली पहिला रास्पबेरी पाय, म्हणजे नुसता उघडा बोर्ड, ३५ डॉलरला आला खरा, पण त्या किमतीत मेमरी कार्ड, अडॅप्टर, डबा, कीबोर्ड, पडदा यांपैकी काहीच नव्हते. लिहिणे चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते, हा खर्च तर कोणीच मांडत नाही. त्यापेक्षा १७ सेंटीमीटर बाजूचा चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घ्यावा. त्याचा डबा थोडा मोठा आणि महाग होतो; मात्र पंखा आणि रॅम बाजारात मिळतील ते बसतात.

मूळ लेखकाचे उत्तर

गावभागकरांचा पुराचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पाय ४०० मात्र पेढीवर चालणार नाही, कारण आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवरील विंडोजसाठी आहे आणि पायचा प्रोसेसर त्या पद्धतीचा नाही, आणि ४ जीबी रॅम बोर्डावरच डाखलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही. त्यातून कीबोर्डावर चहा सांडला (पेढीवर तो सांडतोच) की संगणकही गेला. सातारकरांचा बोर्ड पटतो, पण मालक पुन्हा खर्च करायला तयार नाहीत. तूर्त दोन्ही डबे टेबलाखालून काढून मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने आवळले आहेत, म्हणजे पोत्यांची धूळ जरा तरी लांब राहील. दिवाळीनंतर एक उघडून थर किती साचला ते इथेच लिहीन.