फिलरनंतर दृष्टी जाणे – विरघळवण्याचं इंजेक्शन पुरेसं नाही

फिलर म्हणजे चेहरा भरीव दिसावा म्हणून त्वचेखाली टोचतात तो पदार्थ. ‘बिघडलंच तर हायल्युरोनिडेज हे औषध टोचून फिलर विरघळवता येतो, मग घाबरायचं कशाला’ असं म्हणतात, ते ओठा-गालावरच्या गाठीपुरतं ठीक आहे. डोळ्याचं तसं नाही. भुवयांमधल्या आणि नाकावरच्या बारीक रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीला जोडलेल्या असतात. सुई त्यात शिरली आणि जोराने दाबली गेली, तर फिलर रक्ताच्या उलट दिशेने मागे जातो आणि दाब सुटला की प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाच्या रोहिणीत अडकतो. माकडांवरच्या प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताविना 97 मिनिटं तग धरला. 4 तासांनंतर मात्र प्रचंड, कायमचं नुकसान झालं. शिवाय हायल्युरोनिडेज फक्त हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरवर चालतं. कॅल्शियमचा फिलर किंवा फिलर म्हणून टोचलेली स्वतःची चरबी त्याने विरघळत नाही. डोळ्यामागे ते टोचून दृष्टी परतल्याच्या नोंदी आहेत, पण खात्रीचा उपाय म्हणावा इतका पुरावा नाही.

मी नेत्रविभागात काम करते. एका बाईंना ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून बर्फ लावून तासन्‌तास बसवून ठेवलं होतं. मी त्यांचा चांगला डोळा झाकून समोर बोटं धरली, तर म्हणाल्या, ‘आधी दिवा लावा ना.’ खोलीत लख्ख उजेड होता! सुई टोचल्यावर अंधारी आली किंवा डोळ्यात कळ आली, तर तिथेच एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. चुकलं तर थेट नेत्रविभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. हातपाय लुळे वाटले किंवा बोलणं अडखळलं तर तेही लगेच सांगा, कारण फिलर मेंदूपर्यंतही पोचू शकतो.