बागेतला फुकट शेक्सपिअर: पाच डॉलर तिकीट लावलं तर काय बिघडेल?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

उन्हाळा लागला की अमेरिकेत गावोगावच्या बागांमध्ये शेक्सपिअर सुरू होतो, तोही फुकट. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सगळ्यांना ठाऊक आहे. पण केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये हा प्रकार १९६० पासून चालू आहे, आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासची गावं) सॅन फ्रान्सिस्को शेक्सपिअर फेस्टिव्हलनं १९८३ साली गोल्डन गेट पार्कात 'द टेम्पेस्ट' करून सुरुवात केली. पुढे हे लोक क्युपर्टिनो आणि प्लेझंटनच्या बागांपर्यंत आले, म्हणजे अगदी मराठी वस्तीत. चटई टाका, डबा उघडा, नाटक बघा.

माझं म्हणणं: माणशी ५ डॉलर लावा, बारा वर्षांखालच्यांना माफ. फुकट असतं ते प्रेक्षकाला. नाटकवाल्यांना रंगमंच, ध्वनियंत्रणा, वीज, विमा, तीन-चार आठवड्यांच्या तालमी आणि नटांचं मानधन या सगळ्याचे पैसे मोजावेच लागतात. दुसरं, फुकट आलेला माणूस तिसऱ्या अंकात चटई झटकून उठतो, समोरच्यांच्या डोक्यांवरून चालत जातो. पाच डॉलर दिलेला निदान वसूल करायला तरी बसतो.

आणि फुकट म्हणजेच अस्सल, ही समजूतही खोटी आहे. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात अंगणात उभं राहायलाही १ पेनी पडायची. लंडनचं रीजंट्स पार्कातलं खुलं नाट्यगृह १९३२ पासून तिकीट लावूनच चालतंय, व्हँकुव्हरचं 'बार्ड ऑन द बीच' १९९० पासून. काय वाईट झालं त्यांचं?

गवतावरची

वाईट काही झालं नाही, कारण त्यांच्याकडे कुंपण आहे. तुम्ही ज्या बागांबद्दल बोलताय तिथे नाही.

हिशोब करून बघा. ४० गुणिले ३० मीटरचं गवत धरा, परीघ झाला १४० मीटर. आठ फुटी लोखंडी अडथळे लावले तर साधारण ५८ नग. ते भाड्यानं आणायचे, दुपारी लावायचे, रात्री उचलायचे. त्यात आत-बाहेरची दारं मोकळी ठेवायची, दारावर माणसं बसवायची, कार्डयंत्र ठेवायचं. रोज फिरायला येणाऱ्यांची पायवाट अडली की नगरपालिकेकडे तक्रारी वेगळ्या. तीनशे माणसं आली, त्यातली शंभर मुलं, तर तुमची जमा हजार डॉलर. कुंपण आणि दारावरची माणसं यांतच त्यातला मोठा भाग गेला.

बाकीचं नुकसान तर दिसतही नाही. तिकिटाची रक्कम करवजावटीला चालत नाही, देणगी चालते. आणि इथल्या बऱ्याच टेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीएवढीच रक्कम आपल्याकडून घालतात, तिकिटावर एक सेंट देत नाहीत. चौघांच्या घरानं २० डॉलर देणगीच्या बादलीत टाकून कंपनीकडे अर्ज भरला तर संस्थेला ४० मिळतात. त्याच घरानं तिकीट काढलं तर दोन मोठ्यांचे १०.

विंगेतला

तिसरी घंटा (ती.घं.), हे भांडण १९५९ मध्ये कोर्टात लढून झालंय.

नाट्यनिर्माता जोसेफ पॅपनं १९५७ मध्ये ट्रेलरवरचा घडीचा रंगमंच घेऊन न्यूयॉर्कच्या वस्त्यावस्त्यांत खेळ केले आणि शेवटी सेंट्रल पार्कातल्या तळ्याकाठी मुक्काम ठोकला. उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी १९५९ मध्ये अट घातली: माणशी एक-दोन डॉलर तिकीट लावा, कारण लोक बसून बसून गवत मरतं आणि ते पुन्हा लावायला खर्च येतो. पॅप तिकिटाला नाहीच म्हणाला. खालच्या कोर्टात हरला, अपिलात जिंकला. १९६२ मध्ये तिथेच डेलाकोर्ट थिएटर उभं राहिलं, ते आजही फुकट आहे.

अवांतर: गवताबद्दल मोझेसचं चुकलं नव्हतं. एकाच जागी पाच आठवडे रोज शेकडो माणसं बसली की माती दाबून घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. त्यावर उपाय असा की दर आठवड्याला बसण्याची जागा थोडी सरकवायची आणि मोसम संपल्यावर जमिनीला भोकं पाडून घ्यायची. शिवाय प्लास्टिकची ताडपत्री आणू द्यायची नाही. दुपारच्या उन्हात तिच्याखालचं गवत शिजतं. सतरंजी, चादर चालते.

तिसरी घंटा

डेलाकोर्टचं नाव काढलंत ते बरं झालं. जागा साधारण १८००. तिकिटं दुपारी बाराला वाटतात, माणशी दोन. चांगलं नाव असलेला नट असेल तर रांग पहाटेच लागते. म्हणजे फुकट तिकिटाची किंमत काय, तर सहा तास. ज्याला रजा परवडते त्याला ते स्वस्त, तासावर काम करणाऱ्याला महाग. रांगेत उभे राहून तिकिटं विकणारेही निघाले. २०१० मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलला ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातींवर कारवाई करावी लागली. आता सोडतही आहे, पण सोडत म्हणजे न्याय नव्हे, नशीब.

शिवाय देणगीदारांना राखीव खुर्च्या मिळतातच. मग सगळ्यांसाठी सरळ छोटं तिकीट का नको?

गवतावरची

रांग फुकटामुळे लागत नाही, खुर्च्या मोजक्या असल्यामुळे लागते. क्युपर्टिनोच्या गवतावर नंबरच नाहीत. चटईवाले पुढे, बुटक्या खुर्च्या मागे, उंच खुर्च्या कडेला. एवढी शिस्त दोन स्वयंसेवक आणि जमिनीवर ताणलेल्या दोन दोऱ्या लावू शकतात. डेलाकोर्टचा आजार आमच्या अंगणात आणू नका.

साउंडवाला

लोक उठून जातात ते फुकट आहे म्हणून नाही. ऐकू येत नाही म्हणून जातात. तिकीट लावलंत तर तेच लोक चिडून जातील, एवढाच फरक.

तालीम झालेल्या नटाचा फेकलेला आवाज एक मीटरवर साधारण ७५ डेसिबल धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. वीस मीटरवर २६ कमी, उरले ४९. बागेतला रस्ता, मुलं आणि वारा मिळून ५० ते ५५. म्हणजे विसाव्या मीटरला ऑफिलिया बोलतेय की नुसतीच तोंड हलवतेय, ते कळणार नाही.

आता दिशा. प्रेक्षकांच्या डोळ्यांत ऊन नको म्हणून रंगमंच पूर्वेला ठेवतात आणि प्रेक्षक पूर्वेकडे तोंड करून बसतात. हे बरोबर आहे. फक्त एक लक्षात ठेवा: जुलैत बे एरियात सूर्य नेमका पश्चिमेला न बुडता वायव्येकडे सरकून बुडतो, त्यामुळे रंगमंच थोडा आग्नेयेला ढकलला तर ऊन बरोबर पाठीवर येतं. पण संध्याकाळचा समुद्रवाराही पश्चिम-वायव्येकडूनच येतो. म्हणजे तो प्रेक्षकांकडून नटांकडे वाहतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि मागच्या रांगांच्या डोक्यावरून निघून जातो. ऊन सांभाळलं की वारा बिघडतो, वारा सांभाळला की ऊन. दोन्ही एकदम साधत नाहीत, म्हणून माइक लागतात.

माइक लावायचे तर नीट लावा. कपाळावर केसांच्या रेषेत, कॉलरवर नको. कॉलरवर कापड घासतं आणि मान वळली की आवाज जातो. घामानं माइकचं तोंड बुजतं, म्हणून मध्यंतरात पुसायला एक माणूस हवा. माइकच्या कमरेला लावायच्या पॅकला घाम लागू नये म्हणून बिनवंगणाचा कंडोम, हसू नका, सगळे तेच करतात. जुने ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले सेट कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल कंपन्यांना गेलाय आणि २०२० च्या जुलैपासून तिथे नाटकाचे माइक वापरायला बंदी आहे.

पुढच्या स्पीकरचा आवाज वाढवून मागे पोचवायला जाऊ नका, पहिल्या रांगेतली मुलं रडतील. वीस मीटरवर दुसरी जोडी लावा आणि तिला सुमारे ७० मिलिसेकंद उशीर द्या: ५८ आवाजाच्या प्रवासाचे आणि वर १०-१५. तेवढ्यानं कानाला आवाज रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. हा उशीर न देता स्पीकर लावले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि शेक्सपिअर एकदाच कळायची मारामार.

जनरेटर इन्व्हर्टरवाला, किमान पन्नास मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

प्रॉम्प्टर

साउंडवाले, लेख उत्तम, निष्कर्षाशी असहमत. बारा माइक, दोन जोड्या स्पीकर, एक तंत्रज्ञ, एक घाम पुसणारा: एवढं आलं की खर्च वाढतो आणि मग ती.घं.चं तिकीट मागच्या दारानं आत येतं. आणि सगळे आवाज एकाच खोक्यातून आले की आठ नटांत बोलतंय कोण, हे शोधण्यात प्रेक्षकाचं अर्धं लक्ष जातं.

माझा उपाय: प्रेक्षक दीडशे-दोनशे, त्याहून नाही. अर्धवर्तुळात बसवा, शेवटची रांग बारा मीटरवर. मागे भिंत किंवा इमारत असलेली जागा निवडा, नुसती झाडी आवाज परतवत नाही. आणि संहिता कापा. ढोबळ मानानं तासाला हजार ओळी. 'हॅम्लेट' सुमारे चार हजारांचं, म्हणजे चार तास. गार वाऱ्यात कोण बसणार? दीड तासाला दीड हजार ओळी.

पण कापायलाही अक्कल लागते. 'ट्वेल्फ्थ नाइट'चं उदाहरण घ्या, कारण बागांत ते फार होतं (दुरुस्तीनंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेलाकोर्टही त्यानंच उघडलं). ऑलिव्हियाच्या घरचा नोकर फेबियन कापून त्याची वाक्यं फेस्टेला, म्हणजे विदूषकाला देतात. पत्राच्या प्रवेशात ते बसतं. ऑलिव्हियाच्या दासीनं, मारियानं, आधी लपून बघायला विदूषकालाच तिसरा म्हणून बोलावलेलं असतं, फेबियन कुठून उगवतो ते मूळ नाटकातही कळत नाही. घोळ होतो पुढे. द्वंद्वाच्या प्रवेशातला फेबियनही फेस्टेला दिलात, तर तिथून व्हायोलाच्या मागे गेलेला फेस्टे पुढच्याच क्षणी तिच्या जुळ्या भावाला, सेबास्टियनला घेऊन, ऑलिव्हियाचा निरोप्या म्हणून येतो. ती वाक्यं मारियाला आणि टोबीला वाटा. पाचव्या अंकाच्या सुरुवातीची फेबियन-फेस्टे बोलाचाली सरळ उडवा.

अंधाराची काळजी नको. ही नाटकं दुपारच्या उजेडात खेळायला लिहिलेली आहेत, रात्र शब्दांतच आहे. साडेसातला 'मॅकबेथ' सुरू केलंत तर डंकनचा खून उन्हातच होणार, पण बँकोचं भूत मेजवानीला येईपर्यंत आपोआप अंधारून येतं. दिव्यांचा खर्च वाचवून असं प्रकाशनियोजन कोण देतं?

साउंडवाला

दोनशेच्या वर माणसं आली की परत पाठवणार का? फुकट म्हणून जाहिरात केलीत आणि दोनशे एकाव्याला हाकललंत, तर ते कसलं फुकट?

डब्लिनकर (कॅलिफोर्नियाचं)

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यायचं असेल तर? आजोबांना इंग्रजी येतं, पण हे इंग्रजी नाही येत.

विंगेतला

हे इंग्रजी इंग्रजांनाही येत नाही, त्यांना सांगा. मराठी अनुवादाच्या पट्ट्या (सबटायटल) दाखवायची सोय होत नाही, उन्हात पडदा दिसत नाही. एका पानाचा मराठी गोषवारा करा: वर पात्रांची नाती (कोण कोणाचा भाऊ, कोण वेषांतर केलेली), खाली अंकवार दोन-दोन ओळी. 'किंग लिअर' असेल तर विंदा करंदीकरांचा अनुवाद आहे, आधी वाचून घ्या. घडीची खुर्ची, कानटोपी आणि स्वेटर विसरू नका. दुपारी ३० अंश असलं तरी साडेआठनंतर बागेत गार होतं.

देवळाबाहेर

सगळे 'फुकट' शब्दावर अडलेत. कोकणात जत्रेला दशावतार होतो, बघणाऱ्याला तिकीट नसतं, पण मंडळ काही फुकट नाचत नाही. देवस्थान, मानकरी, गाव मिळून बिदागी देतात. तिकीट नाही म्हणून तिथे राजाच्या प्रवेशाला कुणी उठून जात नाही, पहाटेपर्यंत बसतात. तेव्हा ती.घं., तुमचा दुसरा मुद्दा माझ्या हिशोबी बाद. प्रश्न एवढाच की इथे देवस्थान कोण? नगरपालिका, एखादी बँक, की बादली?

तिसरी घंटा

दुसरा मुद्दा मागे घेतो. पहिला नाही. बादलीवर विसंबणारी मंडळी पावसाच्या किंवा जंगलातल्या वणव्याच्या धुराच्या एका आठवड्यानं आडवी होतात. रीजंट्स पार्कात पाऊस आला तर पैसे परत देत नाहीत, दुसऱ्या तारखेचं तिकीट देतात. पैसे आधीच आलेले असतात. बादलीत पैसे पडतात ते खेळ झाला तरच.

गवतावरची

हे मात्र खरं आहे. म्हणूनच बादली शेवटी फिरवायची चूक करू नका. टाळ्या सुरू झाल्या की लोक चटया गुंडाळून पार्किंगकडे पळतात. मध्यंतरात, वेषातल्या नटांनीच फिरवायची, रोख आणि क्यूआर दोन्ही ठेवायचं. रक्कम तोंडानं सांगायची: "माणशी वीस." सांगितली नाही तर लोक एकेक डॉलर टाकतात.

प्रॉम्प्टर

दीड तासाच्या प्रयोगाला मध्यंतर नसतं, ताई. शेवटच्या अंकाआधी नाटक थांबवून बादली फिरवलीत तर तमाशातल्या दौलतजाद्यासारखं दिसेल.

देवळाबाहेर

मग दिसू दे की.

साउंडवाला

भांडा निवांत, पण एक फोन आधी करा. उद्यानखात्याला सांगून खेळाच्या दोन दिवस आधीपासून त्या पट्ट्यातल्या फवाऱ्यांचं पाणी बंद करून घ्या, आणि बंद केलेल्या वेळापत्रकाचा फोटो मागा, नुसतं "हो" चालणार नाही. ओल्या मातीत खुर्च्यांचे पाय रुततात आणि केबलच्या जोडण्यांत पाणी जातं. आणि फवारे टायमरवर असतात, त्यांना पाचवा अंक कळत नाही.