पुन्हा वापरता येणारा मोडल डायलॉग आणि झेड-इंडेक्सचा गुंता

प्रश्न: आमच्या अॅपमध्ये प्रत्येक पानासाठी वेगळा मोडल (पानावर उघडणारी आणि बंद होईपर्यंत मागचे पान अडवणारी चौकट) लिहिला गेला असून, त्या सर्वांऐवजी एकच कंपोनंट करताना तो काही पानांवर हेडरच्या मागे जातो. झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसेल हे ठरवणारा सीएसएसमधील आकडा) ९९९९ देऊनही फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर १: मोडलच्या एखाद्या पूर्वज घटकावर ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणारा किंवा फिरवणारा सीएसएस गुणधर्म) असल्यास तिथे स्वतंत्र स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे थरांचा वेगळा गट, तयार होतो आणि मग झेड-इंडेक्सची तुलना त्याच्या आतच होते, आकडा कितीही वाढवा (आम्हीही वाढवून पाहिला होता). एचटीएमएलमधील डायलॉग हा घटक शोमोडल पद्धतीने उघडल्यास ब्राउझर तो टॉप लेअरमध्ये, म्हणजे पानाच्या इतर सर्व घटकांच्या वरच्या थरात, ठेवतो, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. मार्च २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये ही सोय आहे.

उत्तर २: सहमत. शिवाय मागचे पान निष्क्रिय होणे, एस्केपने बंद होणे आणि बंद झाल्यावर फोकस मूळ बटणावर परतणे हेही आपोआप मिळते. मात्र ओपन हे अॅट्रिब्यूट थेट लावून उघडू नका, कारण तसा उघडलेला डायलॉग मोडल नसतो.

प्रश्नकर्ता: आम्ही नेमके तेच करत होतो. आभारी आहे.

उत्तर ३: कंपोनंटला शीर्षक, मजकूर आणि बंद झाल्याचा कॉलबॅक (बंद झाल्यावर चालणारे फंक्शन) एवढेच द्यावे, फॉर्मचे नियम त्यात कोंबू नयेत.