पाच लाखांचं कार्ड असताना गल्लीत दवाखाना कशाला?

गोदाकाठ: नाशिकमध्ये गल्लोगल्ली ‘आपला दवाखाना’ नि आरोग्य मंदिरं असे छोटे सरकारी दवाखाने काढणं म्हणजे बोर्ड लावण्याचा खर्च. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. हे दवाखाने बंद करा आणि तो पैसा बिटको, झाकीर हुसेन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांना द्या.

सातपूरकर: सकाळपासून हे वाचून डोकं तापलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. फुले योजना ॲडमिट झाल्यावर कामाला येते. बीपीची रोजची गोळी, शुगरची तपासणी, पोराचा ताप त्यात बसत नाही. म्हणजे आधी किडनी घालवा, मग डायलिसिस फुकट! अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्यांचा पगार २१ हजारांच्या आत, नियमाने ईएसआय, म्हणजे कामगार विमा हवा. ठेकेदार त्याचं कार्डच काढत नाही. त्यांनी जायचं कुठे? माझी आई बीपीच्या गोळ्या पुरवायला एक दिवसाआड घ्यायची, आम्हाला पत्ता नाही. एका रात्री पक्षाघात. फुले योजनेचं कार्ड चाललं, नाही म्हणत नाही. डावा हात मात्र अजून चालत नाही.

गोदाकाठ: आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण दवाखाना तेव्हाही होता ना?

सातपूरकर: होता. ओपीडी सकाळची, आई सकाळी चार घरची धुणीभांडी करायची. जा म्हणावं!

एमबीबीएस_नाशिक: वेळेचं सोडा, खुर्चीत बसतं कोण? उपकेंद्रांत आयुर्वेदाचे बीएएमएसवाले, आणि आता होमिओपॅथीवाल्यांनाही वर्षभराचा कोर्स करून आमची ॲलोपॅथीची औषधं लिहायची आहेत. गरिबांवर प्रयोग चाललेत.

वैद्य_पंचवटी: आला का अहंकार वर? कोविडमध्ये सेंटरं कोणी सांभाळली? सुरगाणा, पेठच्या आदिवासी भागात राहायला तुमच्यातले किती तयार असतात? सरकारी सेवेच्या बॉण्डचा दंड भरून पळालेले आमच्या लायकीवर बोलतात.

एमबीबीएस_नाशिक: मी पळालो नाही. हरसूलकडे बॉण्ड पूर्ण केलाय, क्वार्टर गळायचं, पगार महिनोन्महिने यायचा नाही. तुम्ही क्लिनिकमधून बाहेर न पडता ज्ञान देताय.

वैद्य_पंचवटी: मग भांडण पगार रखडवणाऱ्याशी करा ना, माझ्याशी कशाला?

एमबीबीएस_नाशिक: तेवढं एक बरोबर बोललात. चुकून.

नाशिकरोडची_ताई: झालं? धागा दवाखान्यांचा आहे, पदव्या नंतर मोजा. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महापालिकेचे दवाखाने त्या निर्णयात नाहीत. मग साध्या सर्दीलाही माणसं त्र्यंबक रोडला सिव्हिलला जातात, आणि खरा आजारी रांगेत मागे राहतो. घराजवळ गोळी मिळाली तर कोण मरायला तिकडे जाईल?

गोदाकाठ: बरं बाई, बंद करू नका, ठेवा चालू! पण दुपारी दोन ते रात्री दहा ही आपला दवाखान्याची वेळ कागदावरच राहणार असेल तर माझा मुद्दा कायम.

सातपूरकर: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझी सकाळ वाचली असती. आणि २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात वॉर्डातला स्टाफ साधुग्रामात नेला, तर संध्याकाळची ओपीडी कोण घेणार, तेही विचारा तुमच्या नगरसेवकाला.

गोदाकाठ: माझा नगरसेवक फोन उचलत नाही. तुमचा उचलतो का?