अँबेसिडर मार्क ४: गावात थंड, हायवेवर उकळते. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

दर्यापूरचा वाटसरू
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८४ सालची, मूळच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची मार्क ४ अँबेसिडर आहे. बाजाराच्या दिवशी गर्दीतून रांगत चालवली तरी तापमानाचा काटा मधोमध राहतो. परंतु अकोट रस्त्याला लागून साठ-पासष्टचा वेग धरला की थोड्याच अंतरात काटा वर चढू लागतो, आणि गाडी थांबवताच रेडिएटरच्या टोपणाजवळच्या नळीतून पाणी फसफसत बाहेर येते. हिवाळ्यात हा त्रास नव्हता, मार्चपासून सुरू झाला. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. आता ते वॉटर पंप बदलायला सांगतात, तर दुसरे थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायला निघाले आहेत. फॅनबेल्ट नवा आहे, ऑइलच्या काडीवर पांढरा फेस दिसत नाही आणि पाणी आम्ही घरच्या बोअरचेच घालतो. वडिलांनी जपलेली गाडी आहे, त्यामुळे अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा दोष नेमका शोधावा अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

अकोल्याचा जुना गिअर
भाऊ, गाडी केव्हा तापते यातच निम्मे उत्तर आहे. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापत असेल तर संशय हवेवर घ्यावा, म्हणजे पंखा, पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. वेगात हवा भरपूर मिळत असूनही तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत आहे. आपली गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते.

हिवाळ्यात त्रास का नव्हता, तेही समजून घ्या. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७० चा असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर गेली की तो ४५ वर येतो. म्हणजे रेडिएटरची एक तृतीयांशाहून अधिक ताकद ऋतूच खाऊन टाकतो, आणि अर्धवट तुंबलेला रेडिएटर जो थंडीत निभावून नेत होता, तो उन्हाळ्यात उघडा पडतो.

हेड उघडण्याआधी तीन गोष्टी करा. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढून ते सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाहत राहा. पहिल्या मिनिटापासून सतत बुडबुडे येत असतील तरच हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय धरा. नंतर एकाला रेस द्यायला सांगून खालची रबरी नळी पाहा. पंप त्याच नळीतून पाणी ओढतो, त्यामुळे रबर मऊ पडले असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर वेगात नळी चपटी होते आणि उभ्या गाडीत पुन्हा फुगून निर्दोष दिसते. तिसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे सिलेंडरना ठिणगी वाटणाऱ्या भागाची: व्हॅक्यूमची बारीक नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली नाही तर पडदा फाटला आहे; मग सरळ रस्त्यावर ठिणगी उशिरा पडते आणि ती उष्णता पाण्यात उतरते.

वऱ्हाडची काळी माती
मला त्या बोअरच्या पाण्याची सर्वात जास्त काळजी वाटते. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथे जमिनीतले पाणीच खारट असते. जे पाणी पिकाला मानवत नाही, ते इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकला आणि रेडिएटरच्या पितळी नळ्यांना कसे मानवेल? वाफ होऊन पाणी उडते, क्षार मात्र आतच राहतात. त्यावर पुन्हा तेच पाणी ओतले की त्यांचे प्रमाण वाढत जाते. नळ्यांना आतून थर चढतो, ब्लॉक गंजतो आणि तो गंज शेवटच्या सिलेंडरच्या मागे गाळ होऊन बसतो. इंजिन थंड असताना ब्लॉकच्या मागील बाजूचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडून पाहा.

जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाड्यांच्या मागे चालवली असेल तर जाळीत रुईचे तंतू आणि धूळ मिळून नमदा झालेला असतो. जाळी पंख्याच्या बाजूकडून समोरच्या दिशेने हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ पत्रे वाकतात.

दर्यापूरचा वाटसरू
मनापासून आभार. बुडबुडे आले नाहीत, व्हॅक्यूमची प्लेट नीट हलते आणि खालची नळीही चपटी होत नाही. ड्रेन कॉक मात्र पूर्ण उघडूनही एक थेंब आला नाही. तार घालून टोचल्यावर आधी काळपट तपकिरी चिखल आणि मग पाणी आले. रेडिएटर उतरवून वरून पाइप लावला, तर पाणी खालून मोकळे वाहण्याऐवजी वरच्या तोंडातून परत उसळते. बाजारातले ॲसिड टाकून साफ करावे का?

अकोल्याचा जुना गिअर
दोष सापडला. पंपाला आणि हेडला हात लावू नका. ॲसिड तर मुळीच नको. ते क्षारांसोबत सोल्डरिंगचे जोडही खाते आणि थराने बंद असलेली छिद्रे मोकळी होऊन रेडिएटर गळू लागतो. रेडिएटरच्या जुन्या कारागिराकडून वरची टाकी उघडून प्रत्येक नळीत सळई मारून घ्या. तांबे-पितळेचा मूळ रेडिएटर असा पुन्हा उभा राहतो, म्हणून तो भंगारात देऊन ॲल्युमिनियमचा घेण्याचा मोह टाळावा. तोवर ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तोंडातून, पाणी सोडून खालून स्वच्छ येईपर्यंत धुवा.

थर्मोस्टॅट परत बसवा. विदर्भात त्याची गरज नाही असे अनेक जण सांगतात, ते मला पटत नाही. डिसेंबरच्या पहाटे त्याच्याविना इंजिन थंडच राहते, ऑइलमध्ये ओल धरते आणि सिलेंडर लवकर झिजतात. बसवण्याआधी तो दोरीने पातेल्यातल्या पाण्यात लटकवून पाणी तापवा आणि त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडतो की नाही, हे पाहा.

वऱ्हाडची काळी माती
भरताना बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या पितळी रेडिएटरला चालणारे हिरवे कूलंट वापरा. आपल्याकडे कूलंटचे खरे काम गोठण रोखणे नसून गंज रोखणे आहे. टोपणाचे रबरही तपासा, कारण दर एक पीएसआय (दाबाचे एकक) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो आणि रबर कडक झाले असेल तर तो सगळा फायदा जातो. मात्र मूळ टोपणापेक्षा जास्त दाबाचे टोपण लावू नका, जुन्या जोडांना ते झेपत नाही. टोपण उघडे ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, अडकलेली हवा निघून पातळी खाली जाईल तसे वरून भरा, आणि मगच गाडी अकोट रस्त्यावर काढा. पाण्याचा कॅन डिकीत असू द्या, पण वाटेत गाडी तापलीच तर टोपण तापलेले असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो तो अशाच वेळी.